चित्राला दाते का फुटतात?

शाळेच्या क्रीडास्पर्धांचे किंवा घरातल्या लग्नाचे चित्रण पंधरा-वीस वर्षांपूर्वी हाय-डेफिनिशन कॅमेऱ्याने केलेले असते. ते टेपवरून संगणकात उतरवून पाहू लागलो, की एक चमत्कारिक गोष्ट दिसते. उभी असलेली माणसे, झाडे, इमारती स्वच्छ दिसतात. परंतु धावणाऱ्या मुलाच्या कडांना कंगव्यासारखे आडवे दाते फुटलेले असतात. पुष्कळांची अशी समजूत होते, की टेप खराब झाली किंवा फाइल बिघडली. मग ती फाइल पुसून टाकली जाते किंवा घाईने लहान करून मूळ प्रत नष्ट केली जाते. वास्तविक त्या फाइलीत काहीही बिघडलेले नसते. हे दाते कोठून येतात आणि ते कसे घालवावेत, ते आपण पाहू या.

प्रथम एक सोपा प्रयोग करा. ओळींची वही घ्या. पहिली, तिसरी, पाचवी अशा विषम ओळींत समासापासून ४ ते ८ सेंटिमीटर एवढा भाग पेन्सिलीने काळा करा. दुसरी, चौथी, सहावी अशा सम ओळींत ५ ते ९ सेंटिमीटर भाग काळा करा. आता वही दूर धरून पाहा. तुम्ही काढलेल्या चौकोनाच्या दोन्ही बाजूंना १ सेंटिमीटर लांबीचे दाते दिसतील. येथे दोन चौकोन आहेत आणि दोन्ही अगदी निर्दोष आहेत. फक्त एक जरा पुढे सरकलेला आहे, आणि ते दोन्ही एकाच पानावर गुंफले गेले आहेत. संगणकाच्या पडद्यावर नेमके हेच घडते.

असे चित्र गुंफण्याची गरज कोणाला व का पडली? त्यासाठी दूरचित्रवाणीच्या बाल्यावस्थेत जावे लागेल. त्या काळी चित्र उमटत असे ते काचेच्या नळीच्या पडद्यावर. इलेक्ट्रॉनांचा झोत एकेक आडवी रेषा काढत वरून खाली येई आणि पडद्यावरचा लेप क्षणभर उजळून मंद होई. सेकंदाला २५ चित्रे दाखवली तर हालचाल सलग भासते, पण पडदा लुकलुकतो आणि डोळ्यांना त्रास होतो. लुकलुक जाण्यासाठी पडदा सेकंदाला ५० वेळा उजळायला हवा. मात्र ५० पूर्ण चित्रे पाठवायची म्हणजे प्रक्षेपणासाठी दुप्पट रुंदीचा कंप्रतापट्टा हवा, आणि तो परवडणारा नव्हता.

यावर जर्मनीत फ्रिट्झ श्रोटर यांनी १९३० साली आणि अमेरिकेत रँडल बॅलार्ड यांनी १९३२ साली पेटंटसाठी मांडलेली युक्ती अशी: एका फेरीत फक्त विषम रेषा काढायच्या, पुढच्या फेरीत फक्त सम रेषा. प्रत्येक फेरीत अर्धेच चित्र जाते, पण पडदा मात्र सेकंदाला ५० वेळा उजळतो. या पद्धतीला इंटरलेसिंग म्हणतात. आपण तिला ‘गुंफण’ म्हणू आणि एका फेरीतील चित्राला ‘अर्धचित्र’ म्हणू. बी.बी.सी.ने लंडनमध्ये २ नोव्हेंबर १९३६ रोजी नियमित दूरचित्रवाणी सुरू केली, तेव्हा तिच्या ४०५ रेषांच्या पद्धतीत हीच गुंफण होती. मुंबईचे दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. तेथेही ६२५ रेषा आणि सेकंदाला ५० अर्धचित्रे, अशीच व्यवस्था होती.

पुढे हाय-डेफिनिशन चित्रे आली. एका चित्रात १०८० रेषा आणि प्रत्येक रेषेवर १९२० चित्रबिंदू, म्हणजे एकूण २०,७३,६०० बिंदू! एवढी माहिती साठवणे व पाठवणे ही पुन्हा जुनीच अडचण होती, म्हणून जुनीच युक्ती उपयोगात आली. ५४० रेषांची अर्धचित्रे, सेकंदाला ५०. २००३ साली ठरलेल्या एचडीव्ही आणि २००६ सालच्या एव्हीसीएचडी या पद्धतींच्या असंख्य कॅमेऱ्यांनी असेच चित्रण केले.

आता मुख्य मुद्दा लक्षात घ्या. शेजारच्या दोन अर्धचित्रांमध्ये १/५० सेकंदाचे अंतर असते. धावणारा मुलगा २ सेकंदांत पडद्याची सगळी रुंदी ओलांडत असेल, तर त्याचा वेग सेकंदाला ९६० बिंदू होतो. म्हणजे १/५० सेकंदात तो सुमारे १९ बिंदू पुढे जातो. जुन्या नळीच्या पडद्यावर ही दोन अर्धचित्रे एकामागून एक येत, त्यामुळे दाते दिसत नसत. संगणकाचा सपाट पडदा मात्र सर्व रेषा असलेले पूर्ण चित्र मागतो. खेळवणारी प्रणाली दोन अर्धचित्रे जशीच्या तशी गुंफून देते आणि मुलाच्या कडांना १९ बिंदू लांबीचे दाते येतात. स्थिर झाडाला दाते का नाहीत, हे आता सांगायला नकोच.

तर मग उपाय काय? गुंफण सोडवायची, म्हणजेच ‘डीइंटरलेस’ करायचे. त्याच्या तीन रीती आहेत. पहिली, एक अर्धचित्र टाकून द्यायचे; दाते जातात, पण अर्धी माहितीही जाते. दुसरी, प्रत्येक अर्धचित्र वेगळे दाखवायचे आणि मधल्या गाळलेल्या रेषा वरच्या-खालच्या रेषांवरून अंदाजाने भरायच्या. हालचाल सुरेख दिसते, पण स्थिर वस्तूंचे बारकावे थरथरतात. तिसरी रीत शहाणपणाची आहे. चित्राचा जो भाग स्थिर असेल तेथे दोन्ही अर्धचित्रांच्या रेषा वापरायच्या आणि जेथे हालचाल असेल तेथेच मधल्या रेषा अंदाजाने भरायच्या. त्यासाठी आधीच्या व नंतरच्या अर्धचित्रांशी तुलना करावी लागते. ‘यॅडिफ’ नावाची प्रसिद्ध रीत याच जातीची आहे.

व्हीएलसी हा विनामूल्य प्लेअर पॅरिसमधील एका महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून जन्माला आला. त्याच्या ‘व्हिडिओ’ यादीत ‘डीइंटरलेस’ हा पर्याय आहे. तो बहुधा ‘ऑटोमॅटिक’वर असतो. फाइलीमध्ये ‘हे चित्र गुंफलेले आहे’ अशी खूण असेल तर प्लेअर आपण होऊन गुंफण सोडवतो. खूण नसेल किंवा चुकीची असेल तर दाते तसेच राहतात. अशा वेळी ‘ऑन’ निवडा आणि खालच्या ‘डीइंटरलेस मोड’मध्ये ‘यॅडिफ (२एक्स)’ घ्या. ‘२एक्स’मुळे ५० अर्धचित्रांपासून सेकंदाला ५० चित्रे बनतात आणि हालचालीचा मूळ सफाईदारपणा टिकतो. नुसत्या ‘यॅडिफ’ने २५च बनतात.

सगळाच त्रास दात्यांचा नसतो, म्हणून आधी निदान करा. चित्र हालचालीच्या जागी थांबवून पाहा. दाते दिसले तर गुंफण सोडवली गेलेली नाही. दाते नसून हलणारी वस्तू पुढे-मागे थडथडत असेल तर अर्धचित्रांचा क्रम उलटला आहे: १, २, ३, ४ ऐवजी २, १, ४, ३. हाय-डेफिनिशन चित्रणात वरच्या रेषेचे अर्धचित्र आधी असते. जुन्या डीव्ही टेपच्या चित्रणात खालच्या रेषेचे आधी असते. रूपांतर करताना हा क्रम चुकला की थडथड सुरू होते. आणि चित्र मधूनमधून अडून राहत असेल तर संगणकाला उलगडण्याचे काम झेपत नाही असे समजावे. अशा वेळी बाकीचे कार्यक्रम बंद करावेत, प्लेअरमध्ये ‘हार्डवेअर डीकोडिंग’ चालू करावे, आणि तेवढ्यानेही भागले नाही तर ‘२एक्स’ सोडून साधे ‘यॅडिफ’ वापरावे.

फाइल लहान करून ठेवायची असेल, तर एक पथ्य कटाक्षाने पाळा. आधी गुंफण सोडवा, नंतर आकार लहान करा. क्रम उलटा केला तर लहान करताना शेजारच्या सम-विषम रेषा एकमेकींत मिसळतात. दोन रंगांचे पाणी एकत्र ओतल्यावर ते वेगळे करता येत नाही, तशीच ही गत होते. दोन क्षण कायमचे कालवले जातात आणि मग कोणतीही रीत ते सोडवू शकत नाही. यासाठी मूळ फाइल जपून ठेवणे सर्वांत उत्तम. एचडीव्ही चित्रणाला सेकंदाला सुमारे अडीच कोटी बिट लागतात, म्हणजे तासाला साधारण ११ गिगाबाइट. आजच्या डिस्कवर एवढी जागा सहज मिळते.

शेवटी या ‘दोषा’चा उपयोगही करून पाहा. आजचे मोबाइल फोन पूर्ण चित्रे घेतात, तेव्हा यासाठी जुना कॅमेराच हवा. भरपूर उन्हात, सपाट जमिनीवर मीटरपट्टी आडवी ठेवा आणि तिच्या अगदी लगत चेंडू घरंगळत सोडा. कॅमेरा समोर स्टँडवर पक्का बसवून चित्रण करा. संगणकावर डीइंटरलेस ‘ऑफ’ करून चित्र थांबवा, ते चित्र उतरवून मोठे करा आणि मीटरपट्टीची व दात्याची लांबी बिंदूंमध्ये मोजा. समजा, मीटरपट्टी ६०० बिंदूंची आणि दाता २४ बिंदूंचा आहे. म्हणजे चेंडू १/५० सेकंदात ४ सेंटिमीटर गेला. त्याचा वेग सेकंदाला २ मीटर झाला. चेंडू पट्टीच्या सुरुवातीला असताना आणि शेवटी असताना, अशी दोन चित्रे घ्या. दात्यांच्या लांबीत फरक पडतो का? पडत असेल तर घर्षणामुळे चेंडूचा वेग किती कमी झाला, ते वहीत मांडून काढा आणि आपल्या शिक्षकांना दाखवा.