सायकलची निगा (भाग 6) : सीट किती उंच?

मागच्या भागात टायरमधली हवा पाहिली, आज सीट. पहूरला शाळा भरायच्या वेळी रस्त्याच्या कडेला उभं राहून येणाऱ्या सायकलींवरचे नुसते गुडघे बघा. पायडल वर आलं की कितीतरी मुलामुलींचा गुडघा पार पोटाशी येतो. याची सुरुवात दुकानातच होते. नवी सायकल घेताना घरचे एकच विचारतात, "दोन्ही पाय टेकतात ना?" टेकले की पाना फिरतो आणि सीट कायमची तिथेच बसते. मूल वाढत जातं, सीट तेवढीच राहते.

घरच्यांची भीती खोटी नाही. जळगाव–संभाजीनगर हमरस्ता गावातूनच जातो, आणि अचानक थांबायची वेळ आली तर पाय जमिनीला लागायला हवा. पण त्यासाठी दोन्ही तळवे टेकण्याची गरज नसते. ब्रेक दाबून सीटवरून पुढे उतरायचं आणि एक पाय टेकायचा, हे मुलांना आठवडाभरात जमतं. ते जमेपर्यंत सीट अर्धा-अर्धा इंचच वर घ्या.

सीट खाली असली की गुडघा फार दुमडतो, त्याच अवस्थेत जोर लावावा लागतो आणि वाटीवर दाब येतो. गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखतं ते बहुधा यामुळे. उलट सीट जास्तच उंच झाली तर खालचं पायडल गाठायला कंबर डावी-उजवी झुलते, गुडघ्यामागची शीर ओढली जाते, जांघेत मुंग्या येतात.

तपासायची रीत सोपी आहे. रोजच्याच चपला-बूट घालून, भिंतीचा आधार घेऊन सीटवर बसा. टाच पायडलवर ठेवून पायडल अगदी खाली न्या. पाय सरळ झाला पाहिजे आणि कंबर कलता कामा नये. मग नेहमीसारखा चवडा ठेवलात की गुडघ्यात 25 ते 35 अंशांचा बाक आपोआप राहतो.

आकडेमोडही आहे. 1967 साली इंग्लंडमध्ये हॅम्ली आणि थॉमस यांनी जांघेपासून जमिनीपर्यंतच्या मापाच्या 109 टक्के उंची सुचवली, ती खालच्या पायडलपासून सीटच्या माथ्यापर्यंत मोजायची. पुढे ग्रेग लेमाँड या अमेरिकन शर्यतपटूच्या नावाने 0.883 चा गुणक रूढ झाला. क्रँक म्हणजे पायडलचा दांडा, ती ज्या आसाभोवती फिरते त्याच्या मध्यापासून ही उंची धरतात. जांघेचं माप 72 सेंमी असेल तर उंची येते 63.6 सेंमी. क्रँक 17 सेंमीची धरली तर या दोन हिशेबांत दोन सेंटीमीटरचा फरक पडतो. शिवाय हॅम्ली-थॉमस शोधत होते ती जास्तीत जास्त ताकद, गुडघ्याचा आराम हा त्यांचा विषयच नव्हता. म्हणून माझा भरवसा टाचेवर.

आता पाना. फ्रेमवरचा बोल्ट सैल करून सीटची नळी फिरवत वर घ्या, सरळ ओढली तर गंजलेली नळी हलत नाही. नळीवर मर्यादेची खूण असेल तर ती फ्रेमच्या आतच राहिली पाहिजे. खूण नसलेली नळी निदान अडीच इंच आत हवी, नाहीतर खड्ड्यात ती वाकते किंवा फ्रेम चिरते. सीट मात्र सपाट ठेवा. नाक वर असेल तर जांघ दुखते, खाली असेल तर अंग घसरून सगळा भार मनगटांवर येतो. साध्या सायकलीत सीटखाली दातेरी वायसर असतात. दोन्ही बाजूंचे नट आळीपाळीने थोडेथोडे आवळले तरच ते दात नीट बसतात.

एकच सायकल दादा, ताई आणि बाबा चालवत असतील तर नळीवर प्रत्येकाच्या मापाला वेगळ्या रंगाची टेप गुंडाळा. जाड गादीचं कव्हर घ्यायची घाई मात्र करू नका. उंची चुकलेली असेल तर कव्हराने काही सुधारत नाही.

पुढच्या आठवड्यात हँडल. तोवर घरातल्या शाळकरी मुलांची सीट टाच लावून तपासा, आणि उंची बरोबर करूनही गुडघा दुखत राहिला तर डॉक्टरांना दाखवा.