माहेरच्या नावाचा शोध

लग्नपत्रिकेवर आलेलं माहेरचं नाव हे आपल्यापैकी बऱ्याच जणींचं शेवटचं छापील नाव ठरतं. त्यानंतर रेशनकार्ड, मतदार यादी, बँकेचं पासबुक, सगळीकडे नवं नाव. काही घरांत तर पहिलं नावही बदलायचे. ताटातल्या तांदळावर अंगठीनं नवं नाव लिहिलं की जुनं माहेरीच राहिलं. आज घरातल्या नातवंडांना विचारून पाहा, ‘तुझ्या आजीचं माहेरचं आडनाव काय?’ दहातली किती मुलं सांगतील? पणजीचं तर विचारूच नका.

मैत्रिणींनो, ही गत फक्त आपलीच नाही. अमेरिका-इंग्लंडातही लग्नानंतर आडनाव बदलण्याची रीत जुनी. तिकडे आपल्या घराण्याचा इतिहास शोधण्याची हौस फार. पण वंशावळ काढायला बसलं की पुरुषांची नावं सापडत जातात आणि बाईपाशी येऊन गाडी अडते. कुणाची मुलगी, कुठून आली, काही पत्ता लागत नाही. ही अडलेली गाडी पुढे ढकलण्यासाठी तिथले हजारो स्वयंसेवक घरबसल्या एक चिकाटीचं काम करतात. शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच्या विवाह नोंदवह्या वाचायच्या, त्यातलं एकेक नाव टाइप करायचं आणि कुणालाही शोधता येईल अशी सूची तयार करायची.

अमेरिकेत राज्याचे भाग पाडलेले असतात, त्यांना काउंटी म्हणतात. आपला जिल्हा म्हणा ना! बहुतेक राज्यांत लग्नाचा परवाना या काउंटीच्या कचेरीत मिळतो आणि लग्न लागलं की तिथल्याच वहीत नोंद होते. नवरा, नवरी, तारीख, लग्न कुणी लावलं. पुढच्या काळातल्या फॉर्मवर वय, जन्मगाव आणि आईवडिलांची नावंही येऊ लागली. दक्षिणेकडच्या काही राज्यांत पूर्वी नवऱ्या मुलाला हमीपत्र द्यावं लागे, की या लग्नाला कायद्याची काही अडचण नाही. त्यावर जामीन म्हणून सही करणारा बऱ्याचदा मुलीचा बाप किंवा भाऊ असायचा. म्हणजे वहीत बापाचं नाव नसलं तरी जामीनदाराच्या सहीवरून माहेर सापडू शकतं.

या वह्यांना इतकं मोल का, ते जनगणनेवरून कळतं. अमेरिकेत १७९० पासून दर दहा वर्षांनी जनगणना होते. पण १८४० पर्यंत फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव लिहीत. घरातल्या बायका म्हणजे वयाच्या रकान्यातला नुसता आकडा! १८५० पासून सगळ्या स्वतंत्र माणसांची नावं आली (गुलामांची तेव्हाही नाहीत), आणि कोण कुणाचं कोण हे लिहायला १८८० उजाडलं. त्यात १८९० ची बहुतेक कागदपत्रं १९२१ मध्ये वॉशिंग्टनला लागलेल्या आगीपायी गेली. आता समजा, १८८० ला एक दहा वर्षांची मुलगी बापाच्या घरात दिसते. १९०० ला ती तीस वर्षांची, दुसऱ्याच आडनावानं, दुसऱ्याच घरात कुणाची तरी बायको म्हणून उभी. ती हीच, हे सांगणार कोण? तिची दोन्ही आडनावं जोडणारा धागा म्हणजे ती लग्नाची नोंद.

वाचायला सोपं वाटतं, पण काम किचकट आहे. अक्षर जुन्या वळणाचं, शाई उडालेली. इंग्रजी एल आणि एस सारखेच दिसतात. दोन एस लागून आले तर पहिला एफसारखा लांबट काढायची पद्धत होती, त्यामुळे ‘रॉस’चं ‘रॉफ्स’ व्हायचं. विल्यम, जॉन ही नावं कारकून दोन-तीन अक्षरांत उरकायचा. स्वयंसेवकाला पहिला धडा हाच, की दिसतं तसं लिहा, मनानं सुधारू नका. लागलं नाही ते अक्षर तसं खूण करून सोडा. फॅमिलीसर्च या मॉर्मन चर्चच्या मोफत सेवेत बरीच वर्षं एकच पान दोघांकडून वेगवेगळं लिहून घेत आणि फरक पडला तर तिसरा माणूस निवाडा करी. इंग्लंडमध्ये फ्रीबीएमडीचे स्वयंसेवक १९९८ पासून १८३७ नंतरच्या जन्म, विवाह, मृत्यूच्या सूच्या टाइप करत आले आहेत.

यात आपल्या दृष्टीनं मोठी गोष्ट पुढेच आहे. जुन्या वह्यांना सूची असलीच तर ती बऱ्याचदा नवऱ्याच्या आडनावावर असे. मुलीचं नाव ठाऊक, जावयाचं नाही, तर बसा अख्खी वही चाळत. नव्या सूचीत नवरीचंही नाव घातलं की थेट तिच्यापाशीच पोचता येतं. इथेही जपावं लागतं. नवरी विधवा असेल तर वहीत तिच्या पहिल्या नवऱ्याचं आडनाव असू शकतं. नावाआधीचं ‘मिसेस’ ही तिथली खूण. टाइप करताना तेवढंच गाळलं तर पुढचा माणूस भलत्याच घराण्यात तिचा बाप शोधत बसेल!

गुलामगिरीतल्या माणसांची कथा तर अंगावर काटा आणते. त्यांच्या लग्नाला कायदाच नव्हता. मालक नवऱ्याला एकीकडे, बायकोला दुसरीकडे विकू शकत असे. १८६५ मध्ये गुलामगिरी संपली आणि पुढच्याच वर्षी नॉर्थ कॅरोलिना राज्यानं कायदा केला, की नवराबायको म्हणून राहिलेल्या जोडप्यांनी काउंटीच्या अधिकाऱ्यापुढे येऊन कधीपासून एकत्र आहोत ते सांगावं. पंचवीस सेंट देऊन वीस-तीस वर्षांचा संसार झालेली माणसं नोंदीला आली. व्हर्जिनियातल्या अशाच वह्यांत बायकोचं वय, जन्मगाव, शेवटचा मालक आणि मुलांची नावंसुद्धा आहेत. मुक्त झालेल्या गुलामांसाठी नेमलेल्या फ्रीडमन्स ब्युरो या सरकारी खात्याची कागदपत्रं २०१५-१६ मध्ये पंचवीस हजारांहून जास्त स्वयंसेवकांनी वर्षभरात टाइप केली. सुमारे १८ लाख नावं वर आली. ज्यांच्या खापरपणजीचं कुठेच नाव नव्हतं, त्यांना ते शोधायची वाट झाली.

आपल्याकडे काय? नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत पिढ्यान्‌पिढ्या सापडतात, पण त्या सासरच्या घराण्याच्या. विवाह नोंदणीचा राज्याचा कायदा १९९८ चा, आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही नोंदणी सक्तीची करायला सांगितलं. आपल्या आज्यांची लग्नं त्याआधीची, त्यांची नोंद बहुधा नाहीच. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदावरच्या नावात आईचं नाव आलं, हे छानच झालं. पण आईचं माहेर त्यात नाही.

हा नुसता हौसेचा विषय नाही बरं. बचत गटाच्या कामात मी अशा कितीतरी बायका पाहते, ज्यांचा शाळेचा दाखला माहेरच्या नावाचा आणि आधारकार्ड सासरचं. २००५ पासून वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे. पण वारस नोंदीच्या वेळी ‘ती मुलगी मीच’ हे कागदानं दाखवावं लागतं. जिच्याकडे विवाह नोंदणीचा दाखला आहे, तिचं काम सोपं होतं, कारण दोन्ही नावं जोडणारा कागद तोच. तुमच्या लग्नाची नोंद नसेल तर गावात ग्रामपंचायतीत, शहरात नगरपालिकेत चौकशी करा. उशिरा झाली तरी करून घ्या.

आणि एक साधी दोनशे पानी वही घाला. घरातल्या प्रत्येक सुनेचं आणि लेकीचं जन्मनाव, लग्नानंतरचं नाव, आईवडील, माहेरचं गाव, लग्नाचं साल आणि ठिकाण लिहा. माहिती कुणी दिली तेही टिपा. त्या स्वयंसेवकांचा नियम पाळा. सांगितलं तसं लिहायचं, शंका असेल तिथे प्रश्नचिन्ह द्यायचं, दुसऱ्या कुणाला विचारून पडताळायचं. जुन्या पत्रिका रद्दीत घालू नका, प्लास्टिकच्या पिशवीत त्याच वहीत ठेवा. सुरुवात घरातल्या सगळ्यात वयस्कर बाईपासून करा. साल आठवलं नाही तर ‘दुष्काळाच्या आदल्या वर्षी’ असं सांगतील. तेही तसंच लिहा, हिशोब मागाहून करता येईल.