डक्टातून येणारा धूर

पुण्यातील ज्या सहकारी गृहरचना संस्थेत आम्ही राहतो, तेथे आमचे बिऱ्हाड चौथ्या मजल्यावर आहे. मागील वर्षी दिवाळी सरून थंडी पडू लागली तेव्हापासून, रात्री साडेदहाच्या सुमारास, निजानीज होऊन दिवे मालवले गेले म्हणजे न्हाणीघराच्या दारातून सिगारेटचा वास येऊ लागे आणि पाहता पाहता आतल्या खोलीपर्यंत पोहोचे. त्या खोलीत माझी सात वर्षांची नात निजते. तिला बालदम्याचा विकार आहे, आणि ज्या रात्री वास अधिक येई त्या रात्री तिचा खोकला पहाटेपर्यंत थांबत नसे. घरात कोणी विडी-सिगारेट ओढीत नसता, दाराला कडी आणि खिडकीला तावदान असता, कुणा परक्याचा धूर आपल्या लेकराच्या छातीत उतरतो आहे, या जाणिवेने मनुष्य किती अगतिक होतो, हे ज्याने अनुभवले असेल त्यालाच कळेल.

‘नुसता वासच तर आहे’ असे म्हणणारे पुष्कळ भेटतात, आणि उदबत्ती वा सुगंधी फवारा यांनी तो झाकता आला की प्रश्न मिटला, अशी त्यांची समजूत असते. वस्तुतः शेजाऱ्याकडून आपल्याकडे येतो तो धूर बहुतांशी त्याच्या मुखातून निघालेला नसतो; दोन झुरक्यांच्या मधल्या वेळात सिगारेटचे जळते टोक जे धुमसत राहते, त्याचा तो धूर असतो. ओढणाऱ्याच्या वाट्याला निदान गाळणीतून आलेला धूर येतो. शेजाऱ्याच्या वाट्याला येणाऱ्या धुराला कसलीच गाळणी नसते. त्यातले कण बहुधा एका मायक्रॉनहूनही सूक्ष्म असल्यामुळे ते हवेत तासन्‌तास तरंगतात, आणि त्यात जी सुमारे सात हजार रसायने आढळली आहेत त्यांपैकी सत्तरांच्या आसपास कर्करोगकारक आहेत. टोकियोच्या राष्ट्रीय कर्करोग केंद्रातील ताकेशी हिरायामा या वैद्यकाने 91,540 निर्व्यसनी विवाहित स्त्रियांचा 14 वर्षे मागोवा घेऊन 1981 साली असे दाखवून दिले, की पती भरपूर धूम्रपान करीत असेल तर जन्मात सिगारेटला न शिवलेल्या पत्नीलाही फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. त्या निष्कर्षावर तंबाखूच्या व्यापाऱ्यांनी कडाडून हल्ला चढविला. परंतु पुढील संशोधनाने त्यास पुष्टीच दिली, आणि 2006 साली अमेरिकेच्या सर्जन जनरलने आपल्या अहवालात या धुराची निर्धोक अशी कोणतीही मात्रा नाही, असा स्पष्ट निर्वाळा दिला. केवळ हवा खेळती ठेवून हा धोका नाहीसा होत नाही, हेही त्याच अहवालात नमूद आहे.

आता हा धूर घरात शिरतो कोणत्या वाटेने? माझा प्रथम संशय थेट खालच्या मजल्यावरील गृहस्थांवर होता, आणि मी त्यांच्याविरुद्ध तक्रारअर्जाचा मसुदाही तयार केला होता. सुदैवाने तो देण्यापूर्वी मला एक साधी परीक्षा सुचली. एक उदबत्ती पेटवून ती न्हाणीघराच्या झरोक्यापाशी, बेसिनखाली जेथे नळ भिंतीत शिरतो त्या भोकापाशी, विजेच्या पेटीपाशी आणि मुख्य दाराच्या फटीपाशी क्रमाने धरली, आणि तिचा धागा कोणत्या दिशेस वाकतो ते पाहिले. झरोक्यापाशी तो सरळ घराच्या आत वाकला. आणि स्वयंपाकघरातील चिमणी चालू केल्याबरोबर तर तो आडवाच झाला.

कारण लक्षात घेण्याजोगे आहे. आपल्या इमारतींत न्हाणीघरांचे झरोके ज्या उभ्या, अरुंद पोकळीत उघडतात, जिला आपण सारे डक्ट म्हणतो, ती धुराड्यासारखेच काम करते: खालच्या मजल्यांवरील स्नानाच्या ऊन पाण्याने आणि घरांच्या उबेने तापलेली हवा थंडीच्या रात्री हलकी होऊन तीतून वर चढते आणि वाटेत जो झरोका उघडा सापडेल तेथे शिरते. त्यातून आपण खिडक्या लावून घेऊन आतला पंखा किंवा चिमणी चालू केली, म्हणजे बाहेर फेकल्या गेलेल्या हवेची भरपाई करण्यासाठी घर कोठून तरी हवा ओढून घेणारच. आणि सर्व वाटा बंद असता ती त्याच डक्टातून येते. धूर घालविण्यासाठी आपण जे यंत्र चालवतो तेच धुराला आमंत्रण देते, हे मला साठी उलटल्यावर कळले. म्हणून चिमणी लावताना वाऱ्याच्या बाजूची एक खिडकी उघडी ठेवावी. झरोक्यातील पंख्याला बंद असताना आपोआप मिटणारी झडप बसवून घ्यावी. नळांभोवतीची भोके पांढऱ्या सिमेंटने किंवा सिलिकॉनने बुजवावीत. दाराखाली रबरी पट्टी लावावी. आणि जी न्हाणी रोज वापरात नसते तिच्या ट्रॅपमध्ये पाणी ओतीत जावे, कारण तेथले पाणी आटले की सांडपाण्याच्या सामाईक नळातली हवा मोकाट वर येते. हवाशुद्धीकरण यंत्र घेणाऱ्याने इतके जाणून असावे, की त्यातील हेपा गाळणी कण अडविते, वायू अडवीत नाही. वायूसाठी सक्रिय कोळशाचा जाड थर लागतो, आणि तोही काही महिन्यांत निकामी होतो.

एवढा बंदोबस्त केल्यावर वास निम्म्याने उतरला. पण निम्मा उरला. आणि नातीच्या खोकल्याला निम्म्याने भागत नव्हते.

कायद्याकडे पाहावे तर तेथे दारे आहेत, पण ती पूर्ण उघडत नाहीत. सार्वजनिक ठिकाणी धूम्रपान म्हणजे इतरांच्या जीविताच्या हक्काचा भंग होय, असे केरळच्या उच्च न्यायालयाने 1999 साली ठरविले; मुंबईचे माजी महापौर मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2001 मध्ये देशभर तशी मनाई फर्माविली; 2003 चा कायदा आला आणि 2 ऑक्टोबर 2008 पासून त्याचे कडक नियम अमलात येऊन दोनशे रुपयांपर्यंत दंडाची तरतूद झाली. परंतु ही सारी मनाई सार्वजनिक जागेपुरती; खासगी सदनिकेच्या उंबरठ्याशी ती थांबते. भारतीय न्याय संहितेच्या 280 व्या कलमात हवा आरोग्यास अपायकारक करणाऱ्यास एक हजार रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे खरा, पण तो आसमंतातील लोकांच्या सर्वसाधारण आरोग्यासंबंधी आहे. इतर सभासदांस उपद्रव होईल असे कृत्य आपल्या सदनिकेत करू नये, असा नियम संस्थांच्या आदर्श उपविधींत आहे, आणि त्याच्या आधारे व्यवस्थापक समितीकडे लेखी तक्रार करून ताकीद मागता येते. दिवाणी दाव्यात मनाईहुकूमही मागता येतो; पण त्याची मुदत आणि नातीचे बालपण यांचा मेळ बसणारा नव्हता.

परदेशातील दोन निकाल मात्र मला फार उद्बोधक वाटले. जपानात घरच्यांना त्रास नको म्हणून रात्री सज्जात उभे राहून सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांना, अंधारात लुकलुकणाऱ्या त्या टोकावरून, ‘काजव्यांची जमात’ म्हणतात. अशाच एकाचा धूर वरच्या मजल्यावरील वृद्धेच्या घरी जात असता, तिने विनवूनही तो थांबला नाही, म्हणून नागोयाच्या जिल्हा न्यायालयाने डिसेंबर 2012 मध्ये त्याला पन्नास हजार येन भरपाई देण्यास सांगितले. जर्मनीच्या संघराज्य न्यायालयाने जानेवारी 2015 मध्ये याहून समंजस तोडगा सुचविला: धुराचा उपद्रव खरोखरच लक्षणीय असेल, तर दोन्ही घरांचा आपापल्या सज्जावर सारखाच हक्क आहे, तेव्हा कोणत्या वेळी ओढण्याची मुभा आणि कोणत्या वेळी मज्जाव, याचे वेळापत्रक ठरवावे.

त्या ‘काजव्यां’विषयी वाचताना माझ्या ध्यानात एक गोष्ट आली. जो मनुष्य स्वतःच्या बैठकीत सिगारेट न ओढता उठून सज्जात किंवा न्हाणीघरात जातो, त्याला धूर अपायकारक आहे हे पटवून द्यावे लागत नाही. त्याला ते आधीच पटलेले असते, आणि म्हणूनच तो उठलेला असतो. आपल्या माणसांपासून दूर नेलेला धूर दुसऱ्याच्या माणसांकडे जातो, एवढेच त्याला दिसत नाही. त्याच्याशी बोलायचे ते येथून.

उदबत्तीच्या परीक्षेनंतर समितीच्या चिटणीसांना बरोबर घेऊन मी डक्टाला लागून असलेल्या प्रत्येक घरी गेलो. वास खालच्या मजल्यावरून येत नव्हता. तो येत होता दुसऱ्या मजल्यावरून. तेथील गृहस्थ माझ्याहून चार-पाच वर्षांनी वडील, निवृत्त अभियंता. सगळे ऐकून ते खिन्न झाले आणि म्हणाले, “अहो, घरात नातू आहे, म्हणून तर मी बाथरूममध्ये जाऊन, दार लावून ओढतो. वर कुणाकडे जात असेल, हे मनातच आलं नाही.” मी म्हणालो, “काका, वर माझी नात आहे.” यावर आम्ही दोघेही काही वेळ काहीच बोललो नाही.

हल्ली ते साडेदहाला खाली उतरतात आणि फाटकाजवळ, जेथे भिंत संपते आणि रस्त्याचा वारा लागतो, तेथे उभे राहतात. पावसाळ्यात त्यांचे गुडघे दुखतात, तेव्हा जिना उतरणे त्यांना जमत नाही. त्या रात्री त्यांचा दूरध्वनी येतो, आणि मी झरोका लावून, चिमणी बंद असल्याची खात्री करून, नातीला पुढच्या खोलीत निजवतो.