आदिमानवाचा डबा

समजा, तुमचा दादा जिममधून आला आणि म्हणाला, "आई, उद्यापासून मला पोळी नको, भात नको, वरण नको, दूध नको, साखर तर नकोच. मी पॅलिओ डाएट करतोय!" म्हणजे काय, तर अश्मयुगातलं जेवण. शेती सुरू होऊन जेमतेम बारा हजार वर्षं झाली. त्याआधी लाखो वर्षं माणूस शिकारीवर आणि रानातल्या कंदाफळांवर जगला, मग आपणही तेच खावं, असा दादाचा हिशेब. आई काय म्हणेल ते तुम्हाला ठाऊकच आहे. आपण दादाच्या हातात पिशवी देऊ आणि त्याला बाजारात पाठवू.

केळी घ्यायची? अस्सल रानकेळं सोललं, तर आत टणक बियाच बिया, गर नावापुरता. बिनबियांचं गोड केळं हवं म्हणून माणसानं हजारो वर्षं निवडून निवडून रोपं लावली आहेत. बरं, बदाम? रानबदाम कडूजहर असतो, आणि हे जहर खरोखरचं! तो चावला की त्यातून सायनाइड तयार होतं. कोबी, फ्लॉवर, ब्रोकोली, नवलकोल ही सगळी तर एकाच रानरोपापासून शेतकऱ्यांनी घडवलेली भावंडं. दादाची पिशवी रिकामीच.

त्यातून ज्या भाकरीवर तो रुसलाय, तिची तर मजाच आहे. जॉर्डनमधल्या शुबायका नावाच्या जागी जुन्या चुलींत जळके तुकडे सापडले. ते होते भाकरीचे, साधारण 14,400 वर्षांपूर्वीचे! तिथे शेती यायला तेव्हा आणखी चारेक हजार वर्षं होती. त्या लोकांनी रानगवत झोडून दाणे काढले, पाणवनस्पतींचे कंद वाटले आणि भाकऱ्या भाजल्या. शिकारी माणसं, पण भाकरी सोडली नाही!

मग रानातलं खाणं असतं तरी कसं? त्यासाठी टांझानियात, एयासी सरोवराजवळ जाऊ. तिथे हादझा लोक राहतात, हजाराच्या आसपास. त्यातले काहीशे अजूनही मुख्यतः शिकार करून आणि रानातून गोळा करूनच खातात. बायका टोकदार काठीनं जमीन उकरून कंद काढतात. काही कंद इतके चिवट, की थोडं भाजायचं, चावून रस गिळायचा आणि ऊस खाताना टाकतो तसा चोथा थुंकायचा. गोरखचिंचेच्या फळातला आंबट पिठूळ गर पाण्यात कालवून पितात. (हे झाड आपल्याकडेही काही ठिकाणी दिसतं. पाहिलंय का?) पुरुष धनुष्यबाण घेऊन निघतात, पण पुष्कळदा हात हलवत परततात. आणि पोरं? तीही आपापली बोरं-फळं शोधून तिथेच फस्त करतात. डबा भरून द्यायला कुणी नको.

या सगळ्यांत हादझांना सर्वांत आवडतं काय? मांस नव्हे, मध!

मधाचं पोळं उंच झाडाच्या ढोलीत असतं. ते शोधायला मदत करतो हनीगाइड नावाचा छोटा पक्षी. हादझा माणूस शीळ घालतो. पक्षी किलबिलाट करत या झाडावरून त्या झाडावर पुढे जातो आणि थेट पोळ्यापाशी नेतो. माणूस धूर करून माश्या हटवतो आणि पोळं फोडतो. मध माणसाला, मेण पक्ष्याला. हो, मेण! ते पचवू शकणारे प्राणी अगदी मोजके, त्यातला हा एक.

वाटणी बरोबर झाली असं वाटतंय ना? पण हादझा भारी हुशार. पुष्कळदा ते उरलेलं मेण पुरून टाकतात, नाहीतर जाळतात. कारण पक्ष्याचं पोट भरलं, तर पुढचं पोळं कोण दाखवणार?