विक्रीच्या कागदात सापडलेली नावं

आज एका करारपत्राबद्दल बोलूया. तारीख १९ जून १८३८. अमेरिकेतल्या मेरीलँडच्या जेझुइट पाद्र्यांनी आपल्याकडची २७२ गुलाम माणसं लुइझियानाच्या दोन मळेवाल्यांना १,१५,००० डॉलरला विकायचं ठरवलं. त्यातले काही पैसे जॉर्जटाउन कॉलेजचं कर्ज फेडायला गेले.

करारातच यादी आहे. पहिलं नाव आयझॅक, वय ६५. पुढे आया, मुलं, दोन महिन्यांचं बाळसुद्धा. नावं लिहिली ती मान म्हणून नाही हं, माल मोजून घेता यावा म्हणून!

पण आज हाच कागद मोलाचा ठरतोय. का? १८५० आणि १८६० च्या जनगणनेत मालकाचं नाव यायचं, गुलामांचं मात्र बहुतेक फक्त वय, लिंग आणि रंग. गुलामगिरी १८६५ मध्ये संपली आणि १८७० च्या जनगणनेत या सगळ्यांची नावं पहिल्यांदा आली. त्यामुळे पणजोबांच्या मागे शोधत जाणारा वंशज १८७० ला येऊन अडकतो. डेटाबेसच्या भाषेत सांगायचं तर नावाचा कॉलमच रिकामा, मग दोन टेबलं जोडणार कशी? तिथे विक्रीचे करार, जहाजांच्या याद्या, मृत्युपत्रं कामी येतात.

जॉर्जटाउनच्या विक्रीतल्या माणसांचे हजारो वंशज असेच सापडले. तिथल्या एका इमारतीला हा सौदा करणाऱ्या पाद्री मलेडींचं नाव होतं. २०१७ पासून ती आयझॅक हॉकिन्स यांच्या नावाने ओळखली जाते. हो, यादीतलं पहिलं नाव. कराराचे स्कॅन ऑनलाइन आहेत. मोबाइलवर उघडा आणि फक्त नावं वाचत जा.