बीआर्कची पाच वर्षं: मोफत सॉफ्टवेअर, खुल्या फायली आणि पुढच्या शिक्षणाच्या वाटा

आर्किटेक्चर कॉलेजच्या नोटीस बोर्डावर आणि वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज काही ना काही येत असतं. कुठली तरी स्पर्धा, कुठलं तरी वर्कशॉप, 'शेवटचे दोन दिवस' लिहिलेला बीआयएमचा कोर्स, परदेशातली एखादी स्कॉलरशिप. सबमिशनच्या धावपळीत ते वाचायचं राहून जातं. वाचलं तरी त्यातलं आपल्या कामाचं काय, हे पटकन कळत नाही.

मी आर्किटेक्ट नाही, सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. पण माझी मामेबहीण बीआर्कच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि 'दादा, रेविट शिकू की ऱ्हायनो?' असे तिचे प्रश्न चालूच असतात. तिच्यासाठी शोधाशोध करताना एक गोष्ट लक्षात आली. बोर्डावर कधीच न लागणारी एक मोठी संधी प्रत्येक विद्यार्थ्याकडे असते: ऑफिसं दरवर्षी पैसे मोजून घेतात ते सॉफ्टवेअर त्याला फुकट किंवा अगदी स्वस्तात मिळतं. फक्त त्याला मुदत असते. ती संपायच्या आत त्यातून टिकणारं काय मिळवायचं, ते या लेखात पाहू.

रेषा, मॉडेल आणि नियम

आधी सॉफ्टवेअरमधला फरक समजून घेऊ, कारण पुढचे कोर्स आणि नोकऱ्या त्यावरच ठरतात.

ऑटोकॅड १९८२ साली आलं. त्यात भिंत म्हणजे दोन समांतर रेषा. ती भिंत आहे हे तुम्हाला कळतं, कॉम्प्युटरला नाही. प्लॅनमध्ये खिडकी सरकवली, तर सेक्शन आणि एलिव्हेशनमध्ये ती पुन्हा हाताने सरकवावी लागते.

रेविट २००० साली आलं आणि २००२ मध्ये ते ऑटोडेस्कने विकत घेतलं. यात भिंत ही 'भिंत' म्हणूनच ठेवलेली असते. तिची जाडी, उंची, विटा, प्लास्टर, सगळं त्या एका वस्तूला चिकटलेलं. दरवाजा काढून टाकला की भिंतीतलं भोक आपोआप बुजतं आणि दरवाज्यांच्या तक्त्यातून एक ओळ कमी होते. प्लॅन, सेक्शन, एलिव्हेशन ही एकाच मॉडेलची वेगवेगळी दृश्यं असतात. यालाच बीआयएम म्हणतात. मॉडेलला बांधकामाचं वेळापत्रक जोडलं की ते ४डी, खर्च जोडला की ५डी. आपल्या नागपूर मेट्रोच्या बांधकामात हे ५डी बीआयएम वापरलं गेलं.

तिसरा प्रकार नियमांचा. ऱ्हायनो या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये ग्रासहॉपर नावाचं साधन येतं. डेव्हिड रटन यांनी ते बनवलं, पहिली आवृत्ती २००७ ची. इथे तुम्ही आकार काढत नाही, आकार कसा तयार व्हावा याचा नियम लिहिता.

जिन्याचं उदाहरण घेऊ. पायरीची उंची १५० मिमी आणि रुंदी ३०० मिमी ठरवली. मजल्याची उंची ३,००० मिमी असेल तर २० चढ लागतात. सरळ जिन्यात पायऱ्या चढांपेक्षा एक कमी, म्हणजे १९, आणि जिन्याची लांबी ५,७०० मिमी. आता ज्युरीत सरांनी सांगितलं, 'मजला ३,३०० करा.' ऑटोकॅडमध्ये जिना पुन्हा काढा. ग्रासहॉपरमध्ये एक आकडा बदलायचा: २२ चढ, २१ पायऱ्या, ६,३०० मिमी, आणि समोर नवा जिना तयार. मधल्या लँडिंगचाही नियम लिहिता येतो. आम्ही प्रोग्रामर रोज हेच करतो, फक्त जिन्याऐवजी डेटावर.

मोफत म्हणजे किती मोफत?

सगळी स्टुडंट लायसन्स सारखी नसतात.

ऑटोडेस्कच्या शैक्षणिक योजनेत ऑटोकॅड, रेविट वगैरे मोफत मिळतं. तुम्ही विद्यार्थी आहात याची पडताळणी होते, एका वर्षासाठी परवानगी मिळते आणि शिकत असेपर्यंत दरवर्षी ती वाढवता येते. पदवी झाली की संपली. या लायसन्सवर पैसे घेऊन केलेलं काम चालत नाही. म्हणजे काकांच्या ओळखीतल्या बंगल्याचे प्लॅन पाच हजारांत करून देणंही नियमात बसत नाही.

ऱ्हायनोचं उलट आहे. स्टुडंट लायसन्सला पैसे लागतात, पण व्यावसायिक किमतीच्या एक चतुर्थांशाहूनही कमी. ते एकदाच भरायचे. ते लायसन्स पदवीनंतरही चालतं आणि त्यावर व्यावसायिक कामही करता येतं. विकत घेण्याआधी ९० दिवसांची पूर्ण चाचणी आवृत्ती मिळते. ती थिसिसच्या अगदी आधी सुरू करा, पहिल्या वर्षी वाया घालवू नका. आणि स्टुडंट लायसन्स घ्यायचंच असेल तर शेवटच्या वर्षाच्या निकालाआधी घ्या. नंतर त्याच वस्तूला पूर्ण किंमत पडते.

राहिला प्रश्न क्रॅकचा. होस्टेलमध्ये पेन ड्राइव्हवर फिरणारी क्रॅक आवृत्ती बहुतेकांनी पाहिलेली असते. नीती-कायद्याचा भाग बाजूला ठेवला तरी एक व्यावहारिक धोका उरतो. क्रॅक चालवायला 'अँटिव्हायरस बंद करा' असं सांगितलेलं असतं. थिसिसचं सगळं काम ज्या लॅपटॉपवर आहे, त्याचं दार अनोळखी माणसाला उघडून देण्यासारखं आहे हे. मोफत अधिकृत आवृत्ती मिळत असताना तर त्याला काहीच अर्थ नाही.

फाइल कुणाची?

हा मुद्दा कॉलेजात सहसा कुणी शिकवत नाही. रेविटची फाइल फक्त रेविट नीट उघडतं. शिवाय नव्या आवृत्तीत सेव्ह केलेली फाइल जुन्या आवृत्तीत उघडत नाही. आता विचार करा: पदवी झाली, लायसन्स संपलं आणि सहा महिन्यांनी एखाद्या मुलाखतीसाठी तिसऱ्या वर्षाच्या प्रोजेक्टचा एक नवा सेक्शन हवा आहे. काम तुमचं, मेहनत तुमची, पण फाइल उघडायची किल्ली दुसऱ्याकडे.

यावर उपाय म्हणजे खुली फाइल. इमारतीच्या मॉडेलसाठी आयएफसी नावाचा खुला फॉरमॅट आहे. बिल्डिंगस्मार्ट ही आंतरराष्ट्रीय संस्था तो सांभाळते आणि तो आयएसओ १६७३९ या क्रमांकाचं अधिकृत मानक आहे. रेविट, आर्चीकॅडसारखी मोठी सॉफ्टवेअर त्यात निर्यात करतात. आयएफसीमध्ये भिंत भिंतच राहते, दरवाजा दरवाजाच राहतो. मात्र सगळं टिकत नाही. रेविटमधल्या फॅमिलीचे आपोआप बदलणारे गुण बऱ्याचदा हरवतात. म्हणून आयएफसीला मूळ फाइलची हुबेहूब प्रत समजू नका, ती पुढे उघडता येईल अशी जतन प्रत आहे.

माझी सूचना सोपी आहे. प्रत्येक सेमिस्टरच्या सबमिशननंतर एका फोल्डरमध्ये चार गोष्टी ठेवा: मूळ फाइल, आयएफसी, सगळ्या शीट्सची पीडीएफ आणि मोठ्या आकारातले रेंडर. अर्ध्या तासाचं काम आहे. पाचव्या वर्षी पोर्टफोलिओ करायला बसाल तेव्हा त्याची किंमत कळेल.

बजेट कमी, लॅपटॉप साधा?

रेविट फक्त विंडोजवर चालतं आणि त्याला किमान १६ जीबी रॅम लागते. प्रत्येकाला असा लॅपटॉप परवडत नाही. पण त्यामुळे शिकणं अडत नाही.

ब्लेंडर २००२ पासून मुक्त आणि मोफत आहे. रेंडरसाठी तर ते उत्तम आहेच, शिवाय बोन्साय नावाचं मोफत ॲड-ऑन टाकलं की त्यात थेट आयएफसीमध्ये काम करता येतं. या ॲड-ऑनचं आधीचं नाव ब्लेंडरबीआयएम. फ्रीकॅडची १.० आवृत्ती नोव्हेंबर २०२४ मध्ये आली, तिच्यात बीआयएमचा विभाग आधीपासून बसवलेला आहे. साइटचे नकाशे आणि उतार अभ्यासायला क्यूजीआयएस आहे. यातलं काहीही पदवीनंतर बंद पडत नाही.

काही कामं तर नुसत्या ब्राउझरवर होतात. हवामानाच्या अभ्यासासाठी ईपीडब्ल्यू नावाच्या फायली मिळतात. एका गावाच्या एका वर्षातल्या ८,७६० तासांचं तापमान, आर्द्रता, वारा आणि ऊन त्यात असतं. पुणे, मुंबई, नागपूरच्या फायली मोफत उपलब्ध आहेत. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाचं 'क्लायमा टूल' ब्राउझरमध्ये उघडा, फाइल द्या, तक्ते तयार. नागपूरचा उन्हाळा कोरडा, म्हणून तिथे कूलर चालतो. मुंबईच्या दमट हवेत तोच कूलर निरुपयोगी, तिथे वारा खेळायला हवा. हे आपल्याला अनुभवाने माहीत असतं. ज्युरीसमोर मात्र तेच आकड्यांनिशी मांडता येतं आणि खिडकी तिथेच का, याचं उत्तर तयार असतं.

एक भाषा, पाच दारं

'आर्किटेक्टला कोडिंग कशाला?' असं मला नेहमी विचारतात. माझं उत्तर: ग्रासहॉपर, ब्लेंडर, फ्रीकॅड, क्यूजीआयएस आणि रेविटमधलं डायनॅमो, या पाचही ठिकाणी पायथन चालतं. दोनशे दरवाज्यांना क्रमांक द्यायचे, पन्नास शीट्सची नावं बदलायची, अशी रात्र खाणारी कामं वीस ओळींत होतात. त्यासाठी प्रोग्रामर व्हायची गरज नाही. व्हेरिएबल, लिस्ट, लूप आणि फंक्शन एवढं आलं तरी पुरतं. रोज अर्धा तास दिला तर सुट्टीच्या दीड-दोन महिन्यांत होण्यासारखं आहे.

पुढच्या शिक्षणाच्या वाटा

भारतात: गेट परीक्षेत आर्किटेक्चर अँड प्लॅनिंगचा वेगळा पेपर असतो. तिसऱ्या किंवा त्यापुढच्या वर्षाचे विद्यार्थी तो देऊ शकतात आणि स्कोअर तीन वर्षं चालतो. म्हणून चौथ्या वर्षी एकदा देऊन पाहा, पाचव्या वर्षी थिसिसचं ओझं असतं. आयआयटी खरगपूर, आयआयटी रुरकी, दिल्ली-भोपाळ-विजयवाड्याच्या एसपीए अशा संस्थांत याच स्कोअरवर मास्टर्सची वाट उघडते. प्रॉडक्ट किंवा इंटरॲक्शन डिझाइनकडे वळायचं असेल तर आयआयटी मुंबई घेते ती सीड परीक्षा आहे. आणि एनपीटीईएलवर आयआयटीच्या प्राध्यापकांचे कोर्स मोफत शिकता येतात, फी फक्त सर्टिफिकेटच्या परीक्षेला.

परदेशात: युरोपियन युनियनच्या इरॅस्मस मुंडस योजनेत निवड झाली तर फी माफ आणि महिन्याला १,४०० युरो मिळतात. या योजनेतून चाललेले दोन अभ्यासक्रम आपल्या विषयाशी थेट जोडलेले आहेत. 'बीआयएम ए प्लस' हा मिन्हो, ल्युब्लियाना आणि मिलानच्या विद्यापीठांचा एक वर्षाचा बीआयएमचा कोर्स. 'एसएएचसी' हा ऐतिहासिक वास्तूंच्या रचनेचा अभ्यास. वाडे, किल्ले, जुन्या देवळांत रस असेल तर तो जरूर पाहा. अर्ज करण्याआधी त्या वर्षी स्कॉलरशिप चालू आहे का, हे कोर्सच्या अधिकृत पानावरच तपासा. जर्मनीत स्टुटगार्टचा 'आयटेक' हा इंग्रजीतला मास्टर्स संगणकीय डिझाइनसाठी ओळखला जातो. जर्मनीच्या डीएएडीकडे आर्किटेक्चरसाठी स्वतंत्र स्कॉलरशिप आहे. आपल्याकडे जे. एन. टाटा एंडोमेंट १८९२ पासून परदेशी शिक्षणासाठी कर्जरूपी स्कॉलरशिप देतं.

एक लक्षात ठेवा: यातल्या बऱ्याच ठिकाणी पोर्टफोलिओ मागतात. तुम्ही सेमिस्टरला ठेवलेला फोल्डर इथे कामाला येतो.

ग्रुपवर आलेली प्रत्येक 'संधी' मात्र खरी नसते. प्रवेश फी घेणारी स्पर्धा असेल तर ज्युरी कोण, मागच्या वर्षीचे विजेते कुठे दिसतात, हे बघा. 'शंभर टक्के प्लेसमेंट'वाला बीआयएम कोर्स असेल तर एकच प्रश्न विचारा: 'कोर्स संपल्यावर माझ्या हातात कुठलं पूर्ण मॉडेल असेल?' उत्तर नुसतं सर्टिफिकेट असेल तर पैसे वाचवा.

कोणत्या वर्षी काय?

- पहिलं वर्ष: हाताने काढणं पक्कं करा. सॉफ्टवेअरची घाई नको.
- दुसरं वर्ष: ऑटोकॅड आणि ब्लेंडर. सेमिस्टरचा फोल्डर ठेवायची सवय.
- तिसरं वर्ष: एक संपूर्ण प्रोजेक्ट रेविट किंवा बोन्सायमध्ये. सुट्टीत पायथन.
- चौथं वर्ष: ग्रासहॉपर, हवामानाचा अभ्यास, गेटचा पहिला प्रयत्न. ट्रेनिंगला असताना ऑफिसात कुठल्या फायली फिरतात, ते बघून ठेवा.
- पाचवं वर्ष: स्कॉलरशिपचे बरेच अर्ज ऑक्टोबर ते जानेवारीत असतात, म्हणजे थिसिसच्या ऐन मध्यात. पोर्टफोलिओ दिवाळीआधी तयार हवा. निकालाआधी सगळ्या फायली खुल्या फॉरमॅटमध्ये काढून ठेवा.

सगळं एकदम करायची गरज नाही. आज फक्त एक करा: मागच्या सेमिस्टरचा प्रोजेक्ट उघडा, आयएफसी आणि पीडीएफ काढा आणि ती आयएफसी फाइल ब्लेंडरमध्ये किंवा फ्रीकॅडमध्ये उघडून बघा. मॉडेल तिथे नीट दिसलं, तर लायसन्स उद्या संपलं तरी ते तुमच्या हातात राहील.