पावसाळी भोवऱ्यांचा गणिती मागोवा

बंगालच्या उपसागरात कमी दाबाचे क्षेत्र निर्माण झाल्याची वार्ता आकाशवाणीवरून यावी आणि दोन-तीन दिवसांत वर्धा जिल्ह्यात संततधार लागावी, हा आपल्याकडील पावसाळ्यातील परिचित अनुभव आहे. हे क्षेत्र म्हणजे हवेचा एक प्रचंड भोवराच होय. ओडिशा व छत्तीसगड ओलांडून तो बहुधा पश्चिम-वायव्येकडे सरकतो. त्याचा माग किती अचूक लागतो, यावर नदीकाठच्या गावांची सुरक्षितता अवलंबून असते. ३० जुलै १९९१ रोजी वर्धा नदीच्या पुराने नागपूर जिल्ह्यातील मोवाड येथे दोनशेहून अधिक बळी घेतले, हे विसरता येण्यासारखे नाही.

भोवरा ओळखावा कसा?

नदीतील भोवरा डोळ्यांना दिसतो. शेकडो किलोमीटर व्यासाचा हवेतील भोवरा जमिनीवरून दिसत नाही. त्यासाठी जुनी रीत दाबाच्या नकाशाची. समान दाबाची ठिकाणे रेषांनी जोडली, की या समदाब रेषा जेथे वेटोळे घेऊन मिटतात तेथे भोवऱ्याचे केंद्र मानतात. १८७५ साली स्थापन झालेल्या भारतीय हवामान विभागाजवळ १८९१ पासूनच्या वादळांच्या मार्गांची नोंद आहे. परंतु क्षीण भोवऱ्यात दाब थोडाच उतरतो आणि रेषा स्पष्ट मिटत नाहीत. अशा वेळी वाऱ्याच्या भोवरेपणाचे माप, म्हणजेच आवर्तता, उपयोगी पडते.

समजा, एका बिंदूच्या १०० किलोमीटर पूर्वेस वारा सेकंदाला ५ मीटर वेगाने उत्तरेकडे वाहत आहे आणि तेवढ्याच अंतरावर पश्चिमेस त्याच वेगाने दक्षिणेकडे. २०० किलोमीटरांत वेगाचा फरक १० मीटरांचा झाला. उत्तर व दक्षिण बाजूंसही फिरकीला पोषक असा तेवढाच फरक आहे. प्रत्येक फरकास अंतराने भागून बेरीज केली, की सेकंदास ०.०००१ ही आवर्तता मिळते. वर्ध्याच्या अक्षांशावर पृथ्वीच्या परिवलनामुळे हवेला लाभणाऱ्या फिरकीच्या ती जवळजवळ दुप्पट भरते. सुमारे दीड किलोमीटर उंचीवरील वाऱ्यांसाठी संगणक हे गणित हजारो बिंदूंवर करतो.

मात्र एवढ्यावर विसंबता येत नाही. नदीच्या मध्यधारेला वेग अधिक आणि काठाशी कमी असल्याने भोवरा नसतानाही पान गिरक्या घेते. हवेतही तसेच घडते. म्हणून हवा किती फिरते याबरोबर ती किती ताणली जाते, हेही तपासतात. ताणापेक्षा फिरकी वरचढ असेल तरच भोवरा मानावा, ही कसोटी ओकुबो (१९७०) व वाइस (१९९१) या शास्त्रज्ञांच्या नावांनी ओळखली जाते.

केंद्रांची साखळी

त्यानंतर दर सहा तासांच्या नकाशांवरील केंद्रे एकमेकांस जोडावयाची असतात. दिवसाला ५०० किलोमीटर जाणारा भोवरा सहा तासांत १२५ किलोमीटर सरकेल. पुढच्या नकाशात ४०० किलोमीटरांवर केंद्र आढळले, तर ते बहुधा दुसऱ्याच भोवऱ्याचे असते. अपेक्षित जागेच्या निकटचे केंद्र निवडून साखळी वाढवीत नेतात. दोन भोवरे एकत्र आले किंवा एकाचे दोन झाले, की मात्र जाणकाराचा निर्णय लागतो. बिंदूंमधील अंतर जितके कमी, तितके केंद्र अधिक नेमके सापडते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने विकसित केलेली आणि २०२५ साली कार्यान्वित झालेली 'भारत फोरकास्ट सिस्टिम' ६ किलोमीटरांच्या जाळ्यावर गणित करते.

केंद्र तेथे, पाऊस येथे

या मागोव्यातून गावपातळीवर ध्यानी घ्यावयाची गोष्ट अशी की, पश्चिमेकडे सरकणाऱ्या पावसाळी भोवऱ्याचा मुसळधार पाऊस बहुधा केंद्रावर नव्हे, तर केंद्राच्या नैर्ऋत्येस पडतो. केंद्र जबलपूरजवळ असताना झोडपून निघण्याची पाळी विदर्भावर येऊ शकते. शिवाय वर्धा नदीचा उगमच मध्य प्रदेशात मुलताईजवळ, सातपुड्यात आहे. तेथील पाऊस नदीवाटे आपल्या दारी येतो. यास्तव 'केंद्र मध्य प्रदेशात आहे' ही वार्ता ऐकून ग्रामपंचायतीने निर्धास्त होऊ नये. जिल्ह्यासाठीचा इशारा पाहावा, नदीकाठच्या वस्तीस वेळीच सूचना द्यावी. शिक्षकांनी दाबाचा नकाशा वर्गात काढून दाखविल्यास गणिताचा हा उपयोग मुलांमार्फत घरोघर पोहोचेल. भोवऱ्याची वाट गणित दाखविते. हाती आलेल्या दोन दिवसांचे चीज करणे मात्र गावाच्या हाती आहे.